दाजींची गाडी घुमते

दाजींनी खरं म्हणजे फक्त डाव्या दाराचा स्पीकर बदलायचं ठरवलं होतं. गाडी चालू केली की रेडिओवरची बातम्या देणारी बाई घशात काहीतरी अडकल्यासारखी बोलायची आणि खड्डा आला की एकदम गप्प व्हायची. दुखणं एवढंच. बायकोला त्यांनी सांगितलंही तसंच, "अर्ध्या तासाचं काम आहे, येताना टोमॅटो आणतो." (टोमॅटो त्या दिवशी आले नाहीत. त्या महिन्यातही आले नाहीत.)

दाजी पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क. माणूस मऊ आणि आवाज त्याहून मऊ. खिडकीत बसून ते "पुढचे या" म्हणायचे, तेव्हा रांगेतला पुढचा माणूस जागचा हलायचा नाही. मग मागून शिपाई ओरडायचा. 'दाजी' म्हणणारा हक्काचा माणूस म्हणजे त्यांचा मेव्हणा. पण मेव्हण्याचं गाड्यांच्या सामानाचं दुकान भर चौकात, त्यामुळे येणारं-जाणारं गिऱ्हाईकही त्यांना दाजीच म्हणू लागलं आणि बघता बघता ते सगळ्यांचे दाजी झाले.

त्या दिवशी मेव्हणा दुकानात तोंड पाडून बसला होता. समोरच्या दुकानदाराने काचेवर भलं मोठं पोस्टर लावलं होतं: 'सलग चार वर्षं विजेते'.

"कशाचे विजेते?" दाजींनी विचारलं.

"आवाजाच्या स्पर्धेचे. गाडीत काचेला मीटर लावतात, दारं बंद करतात आणि जिची सिस्टीम सगळ्यात मोठ्याने घुमेल ती गाडी जिंकते. नवशिक्यांच्या गटात दरवर्षी याचंच गिऱ्हाईक पहिलं येतं. मग बाकीची गिऱ्हाइकंही तिकडेच जातात."

"गाणं कुठलं लावतात?"

"गाणं नाही हो दाजी. नुसता आवाज."

"म्हणजे सूर, ताल..."

"काही नाही. नुसतं घूं."

दाजींना हे भारीच अडाणीपणाचं वाटलं आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं. मेव्हणा उठला. दुकानाच्या मागे एक गाडी तयार होऊन उभी होती. तिच्यात त्याने दाजींना बसवलं, दार लावलं आणि एक बटण दाबलं.

दाजींचा चष्मा नाकावरून सरकत मिशीपर्यंत आला. शर्टाची बाही आपोआप फडफडायला लागली. आवाज कानात आलाच नाही, तो थेट बरगड्यांत शिरला आणि तिथून सकाळच्या चहाची विचारपूस करून पाठीतून बाहेर पडला. बटण बंद झाल्यावर दाजींनी चष्मा परत नाकावर चढवला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना पकडून गदागदा हलवलं होतं आणि ते त्यांना विलक्षण आवडलं होतं.

"हे आपल्या गाडीत बसेल?" त्यांनी विचारलं.

"बसेल की. मागची सीट काढावी लागेल."

"काढ."

घरी बायकोने दार उघडलं. "टोमॅटो?"

"अगं, मागची सीट काढली."

"टोमॅटोसाठी?"

दाजींनी सगळं समजावून सांगितलं. डेसिबल म्हणजे काय, घूं काढणारा सबवूफर म्हणजे काय, तो पातेल्याएवढा का असतो, त्याला लाकडी पेटी का लागते. सासूबाई मुक्कामाला होत्या. त्या आतून ऐकत होत्या. त्यांच्या कानाबद्दल एवढंच सांगतो, की शेजारच्या इमारतीत कुणाच्या हातून चमचा पडला, तर कुठल्या मजल्यावर पडला हे त्या सांगत.

"जावईबापू," त्या बाहेर येत म्हणाल्या, "मागची सीट काढलीत, मग मी बसायचं कुठे?"

"तुम्ही पुढे बसा आई."

"आणि ही?"

दाजींनी बायकोकडे पाहिलं. याचा विचार त्यांनी केला नव्हता. बायकोने पदर खोचला. काही न बोलता ती जेव्हा पदर खोचते, तेव्हा दाजी सहसा बाल्कनीत जातात. पण ती पायऱ्या उतरून थेट खाली गेली, गाडीत वाकली आणि मेव्हण्याने घाईघाईने ठोकलेल्या प्लायवूडच्या पेटीवरून तिने बोट फिरवलं. ती घरी शिवणकाम करायची, पडदे आणि सोफ्याची कव्हरं. जोड कुठे उसवणार, हे तिच्या बोटांना कळायचं.

"ही पेटी कुणी बनवली?"

"तुझ्या भावाने."

"वाटलंच. कोपऱ्यात फट आहे. हवा इथून पळणार आणि तुमचा आवाजही तिच्यामागे जाणार. सरका."

त्या क्षणापासून गाडी दाजींची राहिली नाही. बायकोने पेटी उकलायला लावली, जोडांत गोंद भरून घेतला आणि वरून जाड कापड असं ताणून बसवलं की शोधूनही सुरकुती सापडू नये. मेव्हण्याने अंगठ्याएवढ्या जाड वायरी ओढल्या, जादा बॅटरी बसवली, दारांना आतून रबराच्या शीट चिकटवल्या. दाजींकडे महत्त्वाचं काम होतं. ते टॉर्च धरायचे. (बहुतेक वेळा योग्य जागी.)

रविवारी सकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये पहिली चाचणी झाली. दाजी आत बसले, आवाज अडवणारे मोठे इअरमफ कानांवर चढवले आणि बटण दाबलं.

घूं झालं. पाठोपाठ पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांचे अलार्म एकदम केकाटायला लागले. वरच्या मजल्यांवर भिंतीवरच्या तसबिरी एकाच बाजूला कलल्या. एक दुधाची पिशवी कुणीही हात न लावता पायरीवरून खाली उतरली. आणि या सगळ्या गोंधळात सासूबाई डोळे मिटून गाडीशी कान लावून उभ्या होत्या.

"मागे काहीतरी किरकिरतंय," त्या म्हणाल्या. "उजव्या बाजूला. खाली."

मेव्हणा आडवा झाला. नंबरप्लेटचा एक स्क्रू सैल होता. तो आवळला.

"आता डावा दिवा."

डाव्या दिव्याची काच हलत होती. मेव्हण्याने आईकडे असं पाहिलं, जणू जन्मापासूनची ओळख त्याला आज पटली.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यातून खाली आले. देह अवाढव्य, अंगावर बनियन आणि अर्ध्या गालावर दाढीचा फेस. "कोण आहे? काय चाललंय?"

दाजी गाडीतून उतरून माफी मागायला लागले, पण त्यांची माफी अलार्मच्या गलक्यात कुणालाच ऐकू आली नाही. मेव्हणा मात्र सेक्रेटरींकडे वरपासून खालपर्यंत बघत होता, गाडी घ्यायला आलेला माणूस बघतो तसा.

"साहेब, तुमचं वजन किती?"

"तुला काय करायचंय?"

"नियमात बसतं म्हणून विचारलं. आवाजाने गाडीचं छत वर उचललं जातं आणि मीटरवरचा आकडा घसरतो. बाहेरून माणसांनी दाबून धरलेलं चालतं. तुमच्यासारखा माणूस मिळाला, तर काम होईल."

"मूर्खपणा आहे हा," सेक्रेटरी म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "दाबायचं म्हणजे, कसं?"

त्यांनी छतावर दोन्ही हात टेकवले. दाजींनी पुन्हा बटण दाबलं. सेक्रेटरींच्या गालावरचा फेस उडून बनियनवर पडला आणि चेहऱ्यावर शाळेतल्या मुलासारखं हसू पसरलं. "परत एकदा," ते म्हणाले. पार्किंगमध्ये आवाज करू नये अशी नोटीस त्यांनी त्याच संध्याकाळी लावली. खाली बारीक अक्षरांत होतं, 'स्पर्धेचा सराव वगळून'.

स्पर्धा फुटबॉलच्या मैदानावर होती. गाड्या ओळीने उभ्या होत्या, त्यांच्या डिकीची झाकणं उघडी होती आणि माणसं एकमेकांच्या वायरींकडे मत्सराने बघत होती. समोरच्या दुकानदाराचं गिऱ्हाईक आधी गेलं. मोठ्या फळ्यावर आकडा लागला, एकशे एक्केचाळीस पूर्णांक दोन. दुकानदाराने मेव्हण्याकडे बघून हात हलवला. मेव्हण्याने हलवला नाही.

मग दाजींचा नंबर आला. पंचांनी काचेला मीटर चिकटवलं. सेक्रेटरी छतावर ओणवे झाले. बायको उजव्या दाराला पाठ लावून उभी राहिली, मेव्हणा डाव्या. दाजी आत बसले. हृदय एवढं धडधडत होतं, की तेच मीटरवर उमटेल अशी त्यांना भीती वाटली. त्यांनी बटण दाबलं. जग पांढरं झालं आणि परत जागेवर आलं.

एकशे चाळीस पूर्णांक नऊ.

"अजून एक संधी आहे," पंच म्हणाले.

सगळे सासूबाईंकडे बघायला लागले. त्या गाडीभोवती हळूहळू फिरल्या. चाकापाशी वाकल्या, आरशाला बोट लावून पाहिलं, मग पुढच्या काचेतून आत बघत उभ्या राहिल्या.

"काय सापडलं आई?" मेव्हण्याने अधीरपणे विचारलं.

"सगळं घट्ट आहे. एक जावईबापू तेवढे हलतायत."

मेव्हणा कपाळावर हात मारत म्हणाला, "बरोबर आहे. माणूस म्हणजे आत ठेवलेली गादी. अर्धा आवाज दाजीच पितायत. दाजी, बाहेर या."

"पण गाडी माझी आहे," दाजी म्हणाले.

"तुमचीच आहे. बाहेर या."

दाजी बाहेर आले. बटणाची वायर खिडकीच्या फटीतून बाहेर काढली आणि बटण बायकोच्या हातात दिलं, कारण एवढ्या माणसांत तिचाच हात थरथरत नव्हता. इअरमफ दाजींनी स्वतः काढून तिच्या कानांवर चढवले. (त्या दिवसभरातलं त्यांचं हे एकमेव शहाणपणाचं काम, आणि तेच त्यांना भोवलं.) तिच्या जागी ते स्वतः दाराला चिकटून उभे राहिले, कान फटीला लागलेला, डोळे घट्ट मिटलेले.

"तयार?" बायकोने विचारलं.

"दाब," दाजी म्हणाले.

मैदानाच्या कडेच्या झाडावरून सगळे कावळे एकदम उठले. सेक्रेटरी छतावर थोडे वर गेले आणि परत आले. दाजींना वाटलं, आपण दार दाबत नसून दारच आपल्याला दाबतंय.

एकशे एक्केचाळीस पूर्णांक सहा.

पुढचं दाजींना नीटसं आठवत नाही. मेव्हण्याने त्यांना उचललं होतं. सेक्रेटरींनी मेव्हण्याला उचललं होतं. सासूबाई समोरच्या दुकानदाराला शांतपणे सांगत होत्या, की तुमच्या गाडीचा मागचा दिवा किरकिरतो, बघून घ्या. कप भला मोठा होता आणि तो पंचांनी, ज्याने बटण दाबलं त्यालाच द्यायचा असतो म्हणून, बायकोच्या हातात दिला.

मेव्हणा आणि सेक्रेटरी दुकानाच्या टेम्पोतून पुढे गेले. दाजींनी सासूबाईंना गाडीत पुढे बसवलं, मांडीवर कप दिला आणि किल्ली फिरवली. गाडी हूं की चूं करेना. दोन्ही बॅटऱ्या त्या एका घूंमध्ये संपल्या होत्या.

"धक्का मारावा लागेल," दाजी खूप मोठ्याने म्हणाले.

"ओरडताय कशाला?" म्हणत बायको स्टिअरिंगवर बसली. दाजींनी पाठीमागून खांदा लावला आणि मैदानाच्या उतारावरून जीव खाऊन ढकललं. गाडी खोकली, शिंकली आणि चालू झाली. बायकोने खिडकीतून मान बाहेर काढून काहीतरी सांगितलं. थांबवली तर परत बंद पडेल, असं ते होतं. दाजींना त्यातलं एक अक्षरही ऐकू आलं नाही. त्यांनी उत्साहाने हात हलवला आणि गाडी फाटकातून वळून दिसेनाशी झाली.

दाजी बसने निघाले. कानात अजून घूं चालू होतं आणि छातीत आनंद मावत नव्हता.

कंडक्टर समोर येऊन म्हणाला, "कुठे?"

"नवशिक्यांच्या गटात," दाजी गरजले. सगळी बस वळून बघायला लागली.

"अहो, कुठे जायचंय?"

"पहिला," दाजी आणखी मोठ्याने म्हणाले.

कंडक्टरने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. त्याचा चेहरा एकदम मवाळ झाला. तो पुढच्या सीटवरच्या दोन तरुणांशी हळूच काहीतरी बोलला. दोघेही तत्परतेने उठले आणि त्यांनी दाजींना दंडाला धरून अलगद खिडकीपाशी बसवलं.

बातमी इतक्या लवकर बसपर्यंत पोचली याचं दाजींना मनापासून कौतुक वाटलं. त्यांनी वळून सगळ्या बसला नम्रपणे नमस्कार केला आणि ऐटीत मागे रेलून बसले. डोक्यावरच्या पाटीवर लिहिलं होतं, 'दिव्यांगांसाठी राखीव'.