लोकरी टोपीतले पुंडलिकभाऊ

मे महिन्यात पांढुर्ण्यातली कुत्रीसुद्धा नालीत बसून दुपार काढतात. अशा दिवसांत आमचे शेजारी पुंडलिकभाऊ कानांवर येणारी जाड, निळी लोकरीची टोपी घालून चहाच्या टपरीवर येतात. घाम भुवयांवरून नाकापर्यंत ओघळतो, पण टोपी निघत नाही. कोणी छेडलंच तर म्हणतात, "शर्यतीत जिंकलेली टोपी आहे बावा, कपाटात ठेवू का?"

शर्यत म्हणजे पैज, आणि ती झाली नॉर्वेत. त्यातही पार उत्तरेच्या टोकाला, समुद्राच्या काठी. पुंडलिकभाऊंची एकुलती एक मुलगी बेबी तिथे माशांच्या रोगांवर काम करते. ते स्वतः बागा पाहतात. आमच्याकडे व्यापारी बागेतली संत्री झाडावर असतानाच विकत घेतो आणि घेण्याआधी पुंडलिकभाऊंना घेऊन जातो. ते हात मागे बांधून ओळीओळीतून फिरतात, एकाही फळाला बोट लावत नाहीत, आणि बांधावर येऊन बागेत किती फळ आहे ते सांगतात. कोणी पुन्हा मोजा म्हटलं की चिडतात. "नजरेचं काम आहे, दोनदा कायले करू?" माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी मांडवाच्या दारातून एकदा पाहिलं आणि आचाऱ्याला सांगितलं की बुंदी पुरणार नाही. भर मांडवात ते सांगायची काही गरज नव्हती. पण बुंदी पुरली नाही.

बेबीने त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं. एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही स्टेशनवर हार घालून त्यांना रवाना केलं, आणि विसाव्या दिवशी पुंडलिकभाऊ टोपीसकट परत हजर. हार वाया गेला याचं मला जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून रोज सकाळी टपरीवर नॉर्वेचा उद्धार चालतो. तिथे रात्री दहा वाजेपर्यंत उजेड, माणसानं जेवावं कधी आणि झोपावं कधी? समुद्र म्हणजे नुसतं पाणी, मध्ये एक धुरा नाही, बांध नाही, कोणाचं कुठवर ते समजत नाही. आणि गावातली माणसं तर अशी, की पुंडलिकभाऊ पूर्ण गाव पायी फिरले तरी कुठं चालले म्हणून एकानेही विचारलं नाही. हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं.

त्यातल्या त्यात बरा भेटला तो एक म्हातारा कोळी. तिथे किनाऱ्यावर उंच लाकडी मांडवांवर मासे जोडीजोडीनं वाळत टांगतात. ते पाहताच पुंडलिकभाऊंचे हात आपोआप मागे गेले. कधी मासा न खाल्लेला हा माणूस मांडवाखालून एक चक्कर मारून आला आणि बेबीला म्हणाला, याले आकडा सांग. कोळ्याने मासे स्वतः टांगलेले, त्यामुळे आकडा त्याच्या तोंडी होता. नुसत्या नजरेनं कोणी त्याच्या जवळपासही येणार नाही म्हणून त्याने डोक्यावरची टोपी पैजेला लावली आणि हरला. पुंडलिकभाऊंची फक्त अकरा माशांची चूक झाली होती. तीसुद्धा ते मान्य करत नाहीत. म्हणतात, वारा होता, मासे हालत होते.

मग एका दुपारी मला बेबीचा फोन आला. मी तिला शाळेत शिकवलेलं. तिने जास्त पाल्हाळ लावला नाही. "मास्तरकाका, बाबा इथून पळाल्यासारखे गेले. आई गेल्यापासून चार वर्षं एकटेच आहेत. तिथं खुश आहेत का? खरं सांगजा. मी राजीनामा लिहून ठेवला आहे."

मी उद्या सांगतो म्हणालो आणि तडक शेजारी गेलो. चांगलं फैलावर घेतलं त्यांना. पोरीने प्रेमानं बोलावलं, तुम्ही तिच्या गावाला नावं ठेवून पळून आलात, आणि आता ती तुमच्यासाठी नोकरी सोडायला निघाली.

पुंडलिकभाऊंनी टोपी काढली. परत आल्यापासून त्यांचं टक्कल मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मी गेलो तवा तिच्या खिडकीत आठ कुंड्या होत्या, मास्तर. चार दिवसांनं सहा. मंग तीन. शेजारनीले देऊन राहिली होती. मले काही सांगे ना, पन मले समजलं, पोरगी बिऱ्हाड उठवून राहिली. माह्यापायी." टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "झाडावानी चांगली लागली आहे ती तिथं. मी जेवढं जास्त राहिलो असतो तेवढी ती हालली असती. तुमी फक्त सांगा, बुढ्याले फुरसत नाही."

दुसऱ्या दिवशी मी बेबीला ठणकावून सांगितलं, "तुझे बाबा सकाळपासून सौंसरला बाग पाहायला गेलेत. घरी सापडतच नाहीत."

"काका," ती म्हणाली, "मे महिन्यात कोनाची बाग?"

संत्र्याच्या मुलखात जन्म घालवून मी हे विसरलो. या दिवसांत झाडांवर असतात त्या बोराएवढ्या हिरव्या गोळ्या; त्या पाहायला कोणी पुंडलिकभाऊंना नेत नाही. शेवटी खरं तेच सांगितलं. तुझे बाबा रोज दोन तास टपरीवर बसून तुझ्या गावाला शिव्या घालतात आणि वीस माणसं चहा गार करून ऐकतात. एवढी माणसं त्यांना तिथे मिळाली नसती. ती खूप हसली. राजीनाम्याचं काय ठरलं ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिने त्यांना व्हिडिओ कॉल केला. मी ओट्यावर त्यांच्याशेजारीच बसलो होतो. पुंडलिकभाऊंनी टोपी सारखी केली आणि दहा मिनिटं तिच्या समुद्राला, उजेडाला, मुक्या गावकऱ्यांना यथेच्छ झोडपलं. ती पोट धरून हसत होती. राजीनाम्याचा विषय दोघांनीही काढला नाही. फोन बंद झाल्यावरही ते हातातल्या काळ्या काचेकडे पाहत राहिले.

"मास्तर, तिच्या मागं खिडकी पाह्यली?"

मी कसली खिडकी पाहतोय.

"नऊ कुंड्या आहेत. एक नवी घेतली." त्यांनी टोपी डोळ्यांवरून खाली, पार नाकापर्यंत ओढली. आतून आवाज आला, "दोनदा मोजल्या मी."