नानांचा तिरकामठा

पुंडलिक नानांच्या हाती आपली छत्री देऊ नये. ते तिचं टोक जमिनीला टेकवतात, हळूहळू दाबतात, कान जवळ नेतात आणि डोळे मिटून म्हणतात, "मधमा कच्ची शे." म्हणजे मधे कच्ची आहे. क्रिकेटची बॅट, झाडूचा दांडा, कुणाची म्हातारपणाची काठी, काहीच त्यांच्या तावडीतून सुटत नाही. पाचोऱ्याच्या एका लग्नात तर मांडवाचा बांबू वाकवून पाहताना त्यांनी वरची झालर थेट नवरदेवाच्या डोक्यावर आणली. विहीणबाई खवळल्या. नाना मात्र खूश. "बांबू चांगला शे!"

धुळ्याला देवपुरात आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. माझी पत्नी गेल्यापासून संध्याकाळी घरात दिवा लावून मी नानांच्या ओट्यावर जाऊन बसतो. तिथे शांतता नसते, ही त्या ओट्याची मोठी सोय आहे.

नाना बँकेतून निवृत्त झाले. आयुष्यात त्यांनी भिंतीत खिळासुद्धा सरळ ठोकला नव्हता. पण अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी हाताच्या व्यायामासाठी ओढायला रबरी पट्टा दिला, तो अक्कांनी पापडाच्या डब्याला बांधून टाकला. "मी काय लहान लेकरू शे?" म्हणाल्या. उजवा हात मांडीवर ठेवून त्या डाव्या हाताने जेवू लागल्या, आणि पुढे कुणासमोर जेवायच्याच बंद झाल्या.

अक्कांचं माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी. लहानपणी आम्ही तिरकामठ्याने, म्हणजे धनुष्यबाणाने, चिंचा पाडायचो, असं त्या कधीतरी बोलून गेल्या होत्या. नानांनी तेवढंच धरलं. शिरपूरकडच्या एका पावरा आदिवासी कारागिराकडे कामठं घडवणं शिकायला जाऊन बसले, त्याच्याकडून धामणीचं लाकूड घेतलं आणि एसटीत खिडकीतून अर्धं बाहेर काढून घरी आणलं.

पहिलं कामठं घाईत मोडलं. असा आवाज झाला की समोरचे कापडवाले शांतीशेठ दुकान सोडून धावत आले.

"मोडलं का, नाना? मग आता सीता वरायची तेवढी राहिली!"

"सीता घरमाच शे," नाना तुकडे गोळा करत म्हणाले. "रुसेल शे."

दुसऱ्या कामठ्याला त्यांनी मला जुंपलं. कामठं भिंतीवरच्या खुंटीला आडवं अडकवायचं, दोरी खालच्या कप्पीतून घ्यायची आणि मी ओट्यावरून ओढायची. नाना अंगणात मागे मागे जात तुळशीला धडकेपर्यंत पाहणार.

"ओढा, मास्तर! आस्ते! बठ्ठं सारखं वाकाले जोयजे! थांबा, डावा हात आयशी शे!"

कामठ्याच्या दोन बाजूंना ते हात म्हणतात. जो हात कमी वाकेल त्याला आतल्या, पोटाच्या बाजूने काचेच्या तुकड्याने खरवडायचं. पाठीच्या बाजूला मात्र काच लावायची नाही, तिथला धागा तुटला की संपलं. डावा खरवडला की उजवा ताठ वाटे, उजवा खरवडला की डावा. प्रत्येक फेरीला कामठं मऊ होत होतं. मी भीत भीत म्हटलं, "नाना, याने आता चिमणीसुद्धा उडायची नाही."

"चिमणी कोणले उडावनी शे?" नाना म्हणाले आणि आणखी खरवडायला बसले.

अक्का खिडकीतून पाहत. "हात लावणार नाही मी," हे रोजचं. आणि पाठोपाठ, "वरच्या टोकाला गाठ राहिली ना ती!" हेही रोजचं.

शेवटी पॉलिश पेपर झाला. जवसाचं तेल चिंधीने चोळलं, तसं लाकूड मधासारखं उजळलं. मला माझं वय आठवेना, इतका मी उतावीळ झालो होतो. शांतीशेठ दुकान नोकरावर टाकून आले. नानांनी अंगणात गोणपाट टांगलं, कामठं नि एक बाण ओट्यावर ठेवला आणि कुणाकडेच न बघता कप्पी पुसत बसले.

मग अक्का खिडकीतून उठून ओट्यावर आल्या. डाव्या हातात कामठं धरलं, उजव्या हाताची बोटं एकेक करून बाणासकट दोरीवर बसवली. दोरी थरथरली, तसूभर मागे आली, थांबली. शांतीशेठ पुटपुटले, "हां, अक्का, हां!" अक्कांनी कोपर उचललं. दोरी हनुवटीपर्यंत आली आणि बाण सुटला. गोणपाट राहिलं बाजूला, बाण शांतीशेठच्या पायरीशी काढलेल्या चपलेत रुतला.

"लागलं! लागलं!" शांतीशेठच नाचू लागले.

अक्कांनी कामठं उलटसुलट पाहिलं. कपाळावर घाम होता.

"हाऊ ते पोरेसना खेय शे," त्या म्हणाल्या. "जरा कडक बनावा ना."

आपल्या कामठ्याला कुणी नावं ठेवली की नाना चहासुद्धा घेत नाहीत. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. खरवडलेलं लाकूड काही परत चिकटवता येत नाही. कडक कामठं हवं तर नवीन लाकूड आणायचं, पुन्हा पहिल्यापासून सगळं.

नाना आमच्याकडे पाठ करून उभे होते. तेलाच्या चिंधीनेच डोळे पुसत असल्यामुळे ते पुसणं काही संपेना.

"मास्तर," ते तसेच भिंतीला म्हणाले, "सकायनी शिरपूरनी गाडी कितीले शे?"