वैद्यकीय, खासगी

लातूरच्या एका तेलगिरणीच्या प्रयोगशाळेत माणसं अकरा, तराजू दोन, पंखे तीन (त्यातला फिरणारा एक) आणि व्हॉट्सअॅप ग्रुप एक. रजा हवी असली की कारण ग्रुपवर लिहायचं, हा प्रयोगशाळेचे प्रमुख शिवमूर्ती सर यांचा नियम. त्यामुळे कुणाचं पोट केव्हा बिघडलं आणि कुणाची मूळव्याध कुठवर आली, हे सगळ्यांना तोंडपाठ!

मनस्विनी रसायनशास्त्रात एम.एस्सी. नोकरीत कायम व्हायला तिचा एकच आठवडा उरला होता आणि नेमकं तेव्हाच दवाखान्याचं काम निघालं.

"माझ्या शरीराचा अहवाल मी ग्रुपवर टाकणार नाही," तिने ठरवलं. "एका ओळीत विषय संपवते!"

तिने लिहिलं : 'दोन दिवस रजा. कारण वैद्यकीय, खासगी.'

विषय तिथूनच सुरू झाला! नुसता 'ताप' लिहिला असता, तर चार जणांनी 'काळजी घ्या' म्हटलं असतं आणि कामाला लागले असते. पण 'खासगी'? गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तसे अंदाज लागले. सकाळी अपेंडिक्स होतं, दुपारी किडनी झाली, दिवेलागणीपर्यंत बिचारीचा एक डोळा गेला होता!

आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे आपल्याकडे पापच. बुधवारी ती घरी पोचते न पोचते तोच निम्मी प्रयोगशाळा शहाळी घेऊन दारात! नमुने आणणाऱ्या पंचफुलामावशी आईच्या गळ्यातच पडल्या.

"पोरीचं लई वाईट झालं हो!"

"काय झालं?" आई किंचाळली.

"ते तुम्हालाच ठावं असंल की!"

वैजनाथने बिस्किटांचा पुडा पुढे केला. "मॅडम, आजार कोणता ते तरी सांगा. पथ्याचं काही कळून नाही राहिलं."

"सांगणार नाही, वैजनाथभाऊ!"

"बरं, गोड चालतं का?"

"चालतं."

"म्हणजे शुगर न्हाई," मावशी म्हणाल्या. "एक कटलं!"

दुसऱ्या दिवशी शिवमूर्ती सरांनी सगळ्यांदेखत तिला उभं केलं. "कारण लिहा. नाहीतर कायम होणं विसरा!"

"सर, डॉक्टरांचा दाखला दिलाय. मी काम करायला ठीक आहे, एवढं त्यात आहे. त्यापुढचं माझं!"

"कुठल्या दवाखान्यात गेला होता?"

"नांदेडला. इथल्या प्रत्येक दवाखान्यात कुणाचा ना कुणाचा मेव्हणा बसलेला असतो."

"नांदेडला?" सरांचा आवाज एकदम खाली आला. "मंगळवारी?"

मंगळवारी त्या दवाखान्याच्या बाकावर एक गृहस्थ डोळ्यांपर्यंत मफलर ओढून बसले होते. ग्रुपवर मात्र त्यांनी 'धर्माबादला लग्न' असं लिहिलं होतं. मनस्विनीने त्यांना ओळखलं होतं आणि मान वळवली होती.

"हो सर, मंगळवारी. आणि तिथे जे कोणी दिसले, त्यांचंही कारण मी कुणाला सांगणार नाही. ज्याचं त्याच्यापाशी!"

तिने हे अगदी मनापासून सांगितलं. सरांनी ते धमकी म्हणून ऐकलं. त्यांच्या कपाळावर डिसेंबरात घाम आला.

"आजपासून," ते ओरडले, "कुणी कुणाला रजेचं कारण विचारायचं नाही! डॉक्टरचा दाखलाही नको! मॅडम कायम!"

टाळ्या पडल्या. वैजनाथने तर शिट्टी वाजवली. मनस्विनी वीतभर उंच झाली.

पुढच्या आठवड्यात येळवस, म्हणजे वेळा अमावास्या आली. त्या दिवशी अख्खा लातूर जिल्हा शेतात भज्जी-आंबिलीच्या पंगतीला बसतो. गिरणीला मात्र सुट्टी नव्हती. सकाळी मनस्विनीने प्रयोगशाळा उघडली. टेबलावर सोयाबीनचे नमुने रचलेले होते. ग्रुपवर सरांसकट दहा जणांची एकच ओळ होती : 'वैद्यकीय, खासगी.'

तिने वैजनाथला फोन लावला. पलीकडे पंगत बसली होती. "आंबील वाढा की!" कुणीतरी ओरडलं. आवाज थेट शिवमूर्ती सरांसारखा होता.

"वैजनाथभाऊ, तुम्हाला नेमकं काय..." एवढं बोलून तिने जीभ चावली.

"विचारा की, मॅडम!"

"काही नाही. काळजी घ्या."

हजेरी : अकरात एक. संध्याकाळपर्यंत तपासलेले नमुने : बत्तीसपैकी नऊ.