उलटं टांगलेलं कॅलेंडर

माझ्यासारखं सुरमईचं कालवण अख्ख्या पनवेलात कुणी करत नाही! हे मी नाही म्हणत, माझी आई म्हणायची. आमचे हे, म्हणजे कमलाकर, मात्र गेली एकोणीस वर्षं काहीही खाऊन एकच शब्द बोलतात. "चालेल." बासुंदीलाही चालेल आणि करपलेल्या पोळीलाही चालेल!

म्हणून तर मी केबलवरच्या त्या 'पाहुणे परीक्षक' स्पर्धेत नाव दिलं. तीन अनोळखी बायकांनी आळीपाळीनं एकमेकींकडे जेवायचं आणि दहापैकी मार्क द्यायचे. टीव्हीवर पहिली आले, की यांना 'छान' म्हणावंच लागणार होतं. खारघरच्या दमयंतीला वीसपैकी पंधरा मिळाले होते, मोहल्ल्यातल्या हव्वाबींना अठरा. म्हणजे मला एकोणीस हवे होते.

माझी तयारी कशी, तर लग्नघरासारखी! हव्वाबींचे रोजे चालू, म्हणून जेवण सूर्य मावळल्यावर. मटण-चिकन त्यांना आपल्याकडचं चालेल-न चालेल, म्हणून सुरमई. शिवाय कॅलेंडरच्या पानामागे छापलेलं फ्रूट पुडिंग. ती कृती पाठ व्हावी म्हणून पंधरा दिवस कॅलेंडर ओट्यासमोर उलटंच टांगलं होतं. इतकी मेहनत कोण करतं हो?

संध्याकाळी कॅमेरा सुरू झाला. मी पदर सावरला. "मी स्वयंपाकाइतकीच देवाधर्मातही पक्की हं! एकोणीस वर्षांत एक संकष्टी चुकवली नाही."

"म्हणून तर निर्धास्त आले, आशाताई," दमयंती म्हणाली. "म्हटलं, आज तुमच्याकडेही उपासाचंच असणार!"

आज?

मी स्वयंपाकघरात धावले. कॅलेंडर सुलटं केलं. आजच्या चौकोनात गणपतीबाप्पा ऐटीत बसलेले! चंद्रोदय आठ बेचाळीस. आणि मी सकाळपासून तीनदा कालवण चाखलेलं, दुपारी एक तळलेली तुकडीही. तीही अशीच, बघायला म्हणून.

"बाप्पा, चुकले रे!" मी दोन्ही कान पकडले. मागे वळून बघते तर कॅमेरावाला! मेल्यानं तेसुद्धा घेतलं.

आता कालवण चाखायची सोय उरली नाही. मीठ घातलं होतं का? काही केल्या आठवेना. घातलं बाई एकदाचं!

मगरीबची अजान झाली. हव्वाबींनी खजूर खाऊन रोजा सोडला, कालवण-भाताचा एक घास घेतला आणि पाण्याचे दोन पेले घटाघटा रिकामे केले.

"या अल्लाह! भाभी, मासा समुद्रासकट आणलात की काय?"

संपलं! एक पाहुणी उपाशी, दुसरी तहानलेली. मी ओट्याशी उभी राहून चक्क रडायला लागले. तेवढ्यात, शूटिंगमध्ये लुडबुड नको म्हणून मी बेडरूममध्ये बसवून ठेवलेले हे बाहेर आले.

"वरीचे तांदूळ आहेत का गं? दाणे काढ."

"अहो, तुम्हाला काय येतंय?"

"लग्नाआधी दोन वर्षं कर्नाळ्याला साइटवर एकटा होतो. संकष्टीला मला कोण रांधून घालत होतं?"

एकोणीस वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं! यांनी दाणे भाजले, वाटले, तुपात जिरं-मिरचीची फोडणी दिली. आमटीचा असा काही वास सुटला, की कॅमेरावाल्याचाही कॅमेरा हलला.

आठ बेचाळीसला नैवेद्य दाखवला आणि भगर-आमटी वाढली. दमयंतीनं तीनदा घेतली. हव्वाबी तर वाटी तोंडाला लावून आमटी प्यायल्या.

"दहा!" दमयंती ओरडली.

"दहाच्या वर देता येत नाहीत का?" हव्वाबींनी विचारलं.

वीसपैकी वीस! घरच्यांची मदत नियमात बसत होती, मी दोनदा विचारून घेतलं. बक्षिसाची चार बर्नरची शेगडी माझ्या हातात आली आणि हव्वाबींनी मला कडकडून मिठी मारली. काय सांगू, जग जिंकल्यासारखं वाटत होतं!

सगळे गेल्यावर मी पान घेतलं. बाप्पाची माफी मागितली आणि जेवले. खरं सांगते, अशी आमटी मी जन्मात खाल्ली नव्हती. पातेलं बोटानं पुसत होते, तर हे डाव हातात धरून समोर उभे.

"कशी झालीय गं?"

चेहरा असा, जणू दहावीचा निकाल लागायचाय. एकोणीस वर्षं मी ज्याची वाट पाहिली, तो शब्द अगदी जिभेवर आला होता. पण मीही बोट चाटत शांतपणे म्हटलं,

"चालेल."