पणजीतले चौदा पॉइंट

कुलूप दिसलं की ते ओढून बघितल्याशिवाय आबाला चैन पडत नाही. मग ते देवळाचं असो, बँकेचं असो, नाहीतर दुसऱ्याच्या सुटकेसचं. एका लग्नात त्यानं नवरीच्या पेटीच्या कुलपाला असा हिसडा दिला, की नवरीची मामी किंचाळलीच. आबा शांत. "सगळं ठाकठीक हाय," म्हणाला आणि पंगतीत जाऊन बसला.

चोरीबिरी आबाच्या सात पिढ्यांत नाही. पिरंगुटच्या एका कारखान्यात तीस वर्षं वॉचमन होता, एवढंच. दर फेरीला चौदा पॉइंट, चौदा कुलपं. प्रत्येकाला दोन हिसडे द्यायचे आणि वहीत 'सगळं ठाकठीक' लिहायचं. नोकरी संपली, हात काही थांबला नाही.

आमचं गाव रिहे. माझी पिठाची गिरणी आणि आबाचं घर भिंतीला भिंत लागून. त्याची बायको, आमची सरूवैनी, गेली आणि पोरानं, संजूनं, आबाला पणजीला नेलं. संजू तिथं एका हॉटेलात कामाला, सूनही नोकरीला. दिवसभर फ्लॅटमध्ये आबा आणि टीव्ही. शेवटी संजूनं सायकल घेऊन दिली, म्हणाला, "आबा, शहर बघा, समुद्र बघा." झालं! आबाला नवी ड्युटी मिळाली.

वर्षभरानं मी पणजीला गेलो. त्याला परत आणायलाच गेलो, उगाच खोटं कशाला बोलू? गिरणीचा पट्टा थांबला की मला बोलायला माणूस नाही. कुत्र्याशी तरी किती बोलणार?

"ज्ञानबा, चल रौंडाला," आबा म्हणाला. माझ्यासाठी भाड्याची सायकल आधीच आणून ठेवली होती. माझ्या गुडघ्यांनी बोंब मारली, पण निघालो.

पॉइंट एक, फेरीचा धक्का. समोर मांडवी, तिच्यात माडीवर माड्या चढवलेल्या बोटी. आबा नाराज. "बोटीत जुगार चालतोय आन धक्क्यावर रजिस्टर न्हाई. लोकं अशीच आत सोडत्यात!" पॉइंट चार, उंचावरचं पांढरं चर्च. "पायऱ्याच पायऱ्या. सायकलवाल्याचा इचारच केला न्हाई कुनी." पॉइंट सातला नदी समुद्राला मिळते. मी आपला आ वासून उभा. आयुष्य धरणाच्या काठाला काढलं, पण पलीकडचा काठच नाही असं पाणी पहिल्यांदा बघत होतो. आबानं दोन मिनिटं वाट पाहिली आणि म्हणाला, "हितं कुलूप लावता येत न्हाई. पुडं चल."

एक वाजला आणि एकेक शटर खाली यायला लागलं. आबा खुलला. "बघ, भर दुपारी समदं शहर झोपतंय. वॉचमन नगं व्हय?" मग काय विचारता! उतर, हिसडा दे, परत चढ. खाऱ्या हवेनं कुलपं गंजलेली, म्हणून खिशात तेलाची बाटली. प्रत्येकाला दोन थेंब. एका खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "कोण रे तो?"

"रौंड हाय, झोपा!" आबानं सांगितलं. आणि तो माणूस खरंच झोपला. मी लाजेनं अर्धा झालो.

चार वाजता चौदावा पॉइंट आला. अरुंद गल्ली, पिवळं घर, निळं दार. त्या दाराला कुलूपच नव्हतं, नुसती पितळी कडी. आबानं सायकल भिंतीला टेकवली, शर्ट सारखा केला आणि कडी दोनदा वाजवली.

"आयलें, आयलें!" आतून एका म्हातारीचा आवाज आला. चपला फरफटत दाराकडं यायला लागल्या. आबा डोळे मिटून ऐकत राहिला. चपला अगदी दाराशी आल्या, तसा त्यानं सायकलवर टांग टाकली. "पळ ज्ञानबा!"

या वयात सायकल दामटत पळालो मी! नदीकाठी पोचेपर्यंत जीव कंठाशी आला होता. दम खाल्ला आणि त्याला झापलं. "मेल्या, लाज न्हाई वाटत? म्हातारीला उटवतोस आन पळतोस? शिव्या घालत आसंल ती."

"घालू दे. पन रोज म्हनती."

"काय म्हनती?"

आबा नदीकडं बघत होता. "सरू आशीच म्हनायची. ड्युटीवरनं आलो की मी कडी दोनदा वाजवायचो. तिचं गुडगं दुखायचं. आले, आले म्हनत भिताडाला धरून यायची. तवर मी पायरीवर हुबा. तीस वर्सं ज्ञानबा, मला त्याचं कायबी वाटलं न्हाई. आता तेवडंच पायजे वाटतंय."

"चल की गावी," म्हणालो. "मी हाय ना शेजारी."

"तू हायेस रं. पन तिथली कडी वाजवली तर आत कोन हाय?"

मी एकटाच परत निघालो. निघताना त्यानं तेलाची बाटली माझ्या हातात दिली. "माज्या दाराच्या कुलपाला दोन थेंब सोड. आन मला फोन कर."

रिह्याला आलो, पिशवी गिरणीत टाकली आणि आधी त्याच्या दाराशी गेलो. तेल सोडलं, कुलपाला दोन हिसडे दिले आणि फोन लावला. "सगळं ठाकठीक हाय, आबा."

"फोन दाराजवळ धर. कडी दोनदा वाजव."

वाजवली. फोन कानाला लावला, तर पलीकडून काहीच नाही. वाटलं, कट झाला. मग त्याचा श्वास ऐकू आला आणि मला कळलं. मी फोन ठेवला नाही, बोललोही नाही. सरूवैनीला दारापर्यंत यायला लागायचा तेवढा वेळ मीही त्या पायरीवर उभा राहिलो.