आप्पा धागा जाळून बघतात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तीन वर्षांपूर्वी, नवरात्राच्या तोंडावर, आप्पांचा लोकरी गालिचा मी धुतला.

यात लपवण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण त्यासाठी आप्पा कोण ते आधी कळायला हवं.

आप्पा म्हणजे आमचे विट्यातले शेजारी. वय सत्तरीपुढचं. कुणाच्याही घरी गेले की समोर आलेला पाण्याचा तांब्या नंतर, आधी नजर पायाखाली. गालिचा असला की घोटा खाजवल्यासारखं करून खाली वाकणार आणि कडेचा एक धागा अलगद उपटणार. मग खिशातून काडेपेटी. या माणसाने जन्मात बिडी ओढलेली नाही, पण काडेपेटीशिवाय घराबाहेर पाऊल नाही. धागा पेटवायचा, डोळे मिटून धूर हुंगायचा, राख बोटांत चुरडायची आणि म्हणायचं, "पोदुम." पोदुम म्हणजे तमिळमध्ये बास. त्यानंतर निकाल.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांची वास्तुशांत होती. हॉलमध्ये मोठा गालिचा. "काश्मिरी रेशीम आहे, मेहुण्याने आणलंय," डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. आप्पांनी धागा पेटवला. तो वितळला आणि त्याची टणक गोळी झाली.

"डागदर, बिनघोर ऱ्हावा," आप्पा भर हॉलमध्ये म्हणाले. "पोरांनी ह्याच्यावर आमटी सांडू दे न्हाईतर म्हस बसू दे, कायबी हुणार न्हाई. प्लॅस्टिक हाय."

डॉक्टरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मेहुणा मागेच उभा होता, हातात जिलबीचं ताट घेऊन.

हे नाक आप्पांना धंद्याने दिलं. ते गलाईवाले. आमच्याकडचे कितीतरी लोक सोनं गाळायला देशभर पांगलेत, तसे आप्पा चाळीस वर्षं मदुराईला होते. सोनाराच्या दुकानातली सतरंजी, चटई, पायपुसणं, इतकंच काय, कारागिराचा जुना सदरासुद्धा विकत घ्यायचा, जाळायचा आणि राखेतून सोन्याची कणी काढायची. कुठल्या कापडाचा धूर कसा, हे त्यांना झोपेतही कळतं.

गावी परतल्यावर मात्र आप्पांनी उलटा उद्योग मांडला. कुणाचंही जाजम, गालिचा, सतरंजी घेऊन यायचं आणि अंगणात फुकट धुऊन द्यायचं. "जल्मभर जाळल्या, आता धुतोय. फिटंल तवा फिटंल," म्हणायचे.

धुण्याचे नियम कडक. ते त्यांनी माझ्या बायकोला एकदा ओट्यावर बसून समजावले होते.

"हे बगा वैनी, सुती सतरंजी म्हंजे सख्खा भाऊ. आपटा, धोपटा, उनात टाका, हू की चू करत न्हाई. तागाचं म्हंजे जावई. पाण्याचा थेंब पडला की तोंड काळं करून बसतंय, नुसतं लांबनं झाडायचं. रेशीम म्हंजे साहेब, आपुन हात जोडायचं. आन् लोकर म्हंजे नवी सून. गार पाणी, रिठ्याचा फेस, वरनं हात फिरवायचा. ऊन पाणी न्हाई, पावडर न्हाई, पिळायचं तर न्हाईच. एकदा आकसली की परत सैल हुत न्हाई."

"आणि सासू कशाची असते, आप्पा?" बायकोने विचारलं.

"काथ्याची," आप्पा म्हणाले. "टोचती, पर टिकती."

धुतलेलं पाणी ते लगेच ओतत नसत. घमेल्यात निवू द्यायचं, वरचं हलकेच काढायचं आणि गाळ गोल फिरवत बघायचं. ही गलाईची सवय. त्या गाळावरून ते घराचं भविष्य नाही, पण भूतकाळ नक्की सांगत. आमची सतरंजी धुतली तेव्हा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "मास्तर, डागदरानं तेलकट बंद केलंय न्हवं तुमचं? मग सतरंजीत भडंगातलं शेंगदाणं कवापास्नं उगवाय लागलं?"

सगळ्या गल्लीचं धुणाऱ्या आप्पांनी स्वतःचा गालिचा मात्र कधी धुतला नाही. दोन माणसं बसतील एवढा, लाल, लोकरीचा. मदुराईहून आणलेला. आतल्या खोलीत पत्र्याच्या ट्रंकेत घडी करून ठेवलेला. दुकानातला असल्यामुळे त्यात सोनं आहे हे सगळ्यांनाच ठाऊक. त्यांचा मुलगा प्रदीप आता मदुराईचं दुकान बघतो. गावी आला की चेष्टा करायचा, "आप्पा, पेटवूया की ट्रंकेतला! पोरीच्या लग्नाचा हार निघंल."

"मी गेल्यावर पेटव. माझ्यासंगं," आप्पा हसून म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं. जखम भरेना म्हणून चार दिवस ठेवून घेतलं. प्रदीप आला होता. सकाळी मिरजेला जायचा, अंधार पडता विट्याला झोपायला यायचा. दिवसा मांजराला दूध घालायला एक किल्ली माझ्याकडे दिली होती.

घट बसायचे दिवस जवळ आलेले. गल्लीतली प्रत्येक गच्ची वाकळा-गोधड्यांनी भरलेली. आमचीही धुणी आटपून बायको माहेरी फलटणला गेली होती. मी घरात एकटा. दूध घालायला गेलो आणि ट्रंक उघडली.

मला सोनं नको होतं. निदान मी स्वतःला तसं सांगत आलो आहे. पण आहे की नाही, ते बघायचं होतं. धुऊ, गाळ बघू, वाळवू, ठेवून देऊ. मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. लोकरीला गरम पाणी आणि सोड्याची पावडर काय करते, हे मी फळ्यावर लिहून दाखवलेलं आहे. तरी गालिचा घरी आणून मी बंबातलं पाणी घेतलं आणि पावडर घातली, कारण मळ सुटायला हवा होता. सगळा सुटायला हवा होता.

घमेल्यात गाळ फिरवला. बारीक काळी माती, एक लांब केस, तुरीच्या डाळीचे चार-पाच दाणे. तळाशी काहीतरी चमकलं. ते सोनं होतं की अभ्रक, मला आजही माहीत नाही. फाटक वाजल्यासारखं झालं आणि घाबरून मी सगळं गटारात ओतलं.

गालिचा आमच्या गोधड्यांमध्ये वाळत घातला. कुणाला संशय आला नाही. दोन दिवसांनी घडी करून ट्रंकेत ठेवला. चांगला वीतभर आखडला होता आणि मुळाशी ओल राहिली होती.

आप्पा घरी आले त्या दुपारी मी चहा घेऊन गेलो. एका डोळ्यावर पट्टी, तरी आतल्या खोलीच्या दारातच थांबले. नाक वर केलं. ट्रंक उघडायचीसुद्धा गरज पडली नाही.

"परदीप, पाणी लावलंस?"

"कशाला आप्पा?"

"इचारतोय ते सांग."

प्रदीपने ट्रंक उघडली, गालिचा हातात घेतला आणि त्याचा चेहराच उतरला. "आप्पा, आईची शपथ, मी न्हाई." मग तो माझ्याकडे वळला. "सर, तुमी सांगा की. दिवसा कोण आलं हुतं का घरात?"

हातातल्या किटलीची मूठ पोळत होती. मी म्हणालो, "नाही रे. कोणी आलं नव्हतं."

आप्पा भिंतीकडे तोंड करून बसले. "जा तू," म्हणाले. आवाज चढला नाही. प्रदीप त्याच संध्याकाळी गेला. दिवाळीला आला नाही. पुढच्याही नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

गेल्या वर्षी मी ठरवून गेलो होतो. वाक्य पाठ केलं होतं. आप्पा ओट्यावर बसले होते. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलू लागले.

"सोन्याचं काय न्हाई वो मास्तर. त्यानं मागितलं असतं तर मीच काडी लावून दिली असती. मदुराईत मी भट्टीपाशी आन् परदीपची आई पडद्यामागं त्या गालिच्यावर. अकरा वर्सं. भाषा येत न्हाई, शेजार न्हाई. बसून डाळ निवडायची. मी घामानं भिजल्याला, बोलायचं त्राण न्हाई. दिसात दोन शब्द. 'जेवायचं?' 'व्हय.' आन् ती गेल्यावर मला कळलं, मी तिला काय इचारलंच न्हाई कवा. आमच्या धंद्यात कायबी ठिवत न्हाईत. सगळं जाळून बगत्यात आत काय हाय ते. ह्यो एकच गालिचा ठिवला हुता, न बगता."

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"तुमी हायसा म्हणून बरं हाय," ते म्हणाले. "न्हाईतर घरचं माणूस इस्वासाचं ऱ्हायलं न्हाई."

चहा पिऊन मी उठलो.

प्रदीप अजून दर रविवारी सकाळी फोन करतो. आमच्या खिडकीतून दिसतं. फोन ओट्यावर वाजत राहतो, आप्पा त्याच्याकडे बघत राहतात, हात पुढे जातो आणि थांबतो. वाजायचा बंद झाला की मग उचलतात आणि कानाला लावून बसतात. बराच वेळ.

प्रदीपचा नंबर माझ्याकडे आहे. आप्पांचा ओटा माझ्या दारापासून वीस पावलांवर. या बापलेकांच्या तीन दिवाळ्या मी खाल्ल्या आहेत, त्या मला परत देता येणार नाहीत. पण गालिचा कुणी धुतला, हे दोघांनाही माझ्या तोंडून सांगायचं देणं मी लागतो, आणि ते मी अजून दिलेलं नाही.