लिमयांचा जोडलेला पाटा

या, अशा जवळ सरका. आणि तो चहाचा कप आधी त्या दगडावरून उचला बरं. दगड दिसला की कप टेकवायचा, ही काय रीत झाली? लिमयांचा पाटा आहे तो.

लोडशेडिंगच्या त्या वर्षांत लिमये कलकत्त्यात भवानीपूरला आमच्या समोरच्या बिऱ्हाडात राहायचे. सरकारी नोकरी, काम जुन्या देवळांच्या डागडुजीचं. कुणाच्याही घरी गेले की आधी उंबऱ्याच्या दगडावर किल्लीने टकटक, मग माणसांना नमस्कार. ओरिसाच्या दौऱ्यावरून आले की मला जिन्यातच गाठायचे.

"वहिनी, जुने कारागीर दोन दगडांत डमरूसारखी लोखंडी पट्टी बसवायचे. भोवती शिसं ओतायचे. शिसं मऊ. पाणी आत जात नाही, लोखंड गंजून फुगत नाही. भूकंपात सांधा जरा हलतो. सांधा हलावा, दगड फुटू नये."

"अहो, माझी आमटी उतू जातेय."

"जाऊ द्या. तर शिसं..."

त्यांच्या बायकोने, शालिनीने, साताऱ्याहून आईचा पाटा आणला होता. हावड्याला उतरताना लिमये तो हमालाला देईनात. स्वतः उचलला आणि फलाटावर पाडला. सरळ दोन तुकडे. तिने हमाल बोलावून दोन्ही तुकडे उचलायला लावले. लिमये मात्र आठवडाभर जेवताना मान वर करेनात.

मग त्यांनी खालच्या बाजूने खाचा पाडून, पट्टी बसवून, शिसं ओतून पाटा जोडला. देवळासारखाच. म्हणजे हलणारा. देवळाला भूकंप शंभर वर्षांत एखादा. पाट्याला रोज सकाळी. वरवंटा फिरवला की दोन्ही अर्धे डुलायचे आणि लसूण फटीत.

लिमये ऑफिसला गेले की शालिनी वाटी घेऊन माझ्याकडे यायची. माझ्या बंगाली शिळेवर चटणी वाटायची, परत न्यायची. "यांना कळू देऊ नका हं, ताई." रात्री लिमये पाहुण्यांना वाढायचे, "घ्या, जोडलेल्या पाट्यावरची आहे." आणि ती खाली मान घालून भाकरी मोडायची.

पुढे शालिनी दुखण्यात गेली. तेरावं झाल्यावर एका सकाळी लिमये दारात. उंबऱ्यावर टकटक नाही. हातात वाटी, वाटीत सुकं खोबरं नि लसूण.

"वहिनी, एवढं वाटून द्याल? नेहमीसारखं."

"नेहमीसारखं म्हणजे?"

"फटीत तिखटाचा कण नव्हता कधी. दर रविवारी बघायचो मी."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कळत नाही असं तिला वाटायचं," ते म्हणाले. "राहू दिलं."

मी वाटून दिलं. रिटायर होऊन गावी जाताना पाटा माझ्याकडे ठेवून गेले. कधी हात ठेवून बघा, अजून हलतो. आता निघालात, पण पुन्हा लवकर या. येताना खोबरं आणा, लसूण आहे घरात.